कडीची जागा

न्हाणीचं दार ओढून घेतलं आणि हात आपोआप वर गेला. तिथं कडी नव्हती. बोटांना लागली ती चार भोकं, स्क्रू काढल्यावर राहतात तसली, आणि त्यांच्या मधे कडीएवढाच लाकडाचा उघडा पट्टा, ज्याला कधी रंग लागला नव्हता. बादली भरलेली होती, वाफ आरशावर बसत होती, पदर खांद्यावरून उतरवलेला, आणि मी अंधारात भिंत चाचपावी तशी त्या पट्ट्यावरून बोटं फिरवत उभी राहिले. खाली बघितलं, खालीही काही नव्हतं. चौकटीत कडीचं टोक जिथं जाऊन बसायचं ते भोक मात्र जागेवर होतं, आणि त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं हे दार आतून लावलं होतं, आणि मग कुणीतरी ठरवून ती कडी काढली होती. शेवटी भरलेली बादली ओढून दाराला लावली आणि तिच्यातलंच पाणी घेत, अर्धी नजर दारावर ठेवून अंघोळ करायला लागले. बादली रिकामी होत गेली तसा तिचा दाराला असलेला आधारही कमी होत गेला. पाणी संपायच्या आत बाहेरून आवाज आला, "माय, झालं का?"

बाहेर आले तर पोरगा दारातच उभा. परमेश्वर, माझा एकुलता एक, इथल्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत काम करतो. त्याच्या मागं सून दीपमाला, ती नर्स आहे, ड्युटीचा ड्रेस घालून तयार, आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर आडवा धरलेला. मोबाईलात तिची आई सत्यभामा. माझ्या केसांतून पाणी गळत होतं, लुगडं नीट नेसून व्हायचं होतं, पण तिघंही माझ्या तोंडाकडं असे बघत होते की मी जणू आतून निकाल घेऊन बाहेर आलेय.

"विहीणबाई, काय पडलं स्वप्नात?" सत्यभामेनं विचारलं.

"काही न्हाई."

"असं कसं. आठवा जरा. सकाळचं लगेच इसरतं. पाणी दिसलं का? हिरवं काही? बाईमाणूस?"

"न्हाई दिसलं."

"घाबरल्यावानी झालं का?"

"न्हाई."

"मंग चांगलंच म्हणायचं की," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण काहीच न्हाई पडलं, हे बी कसंतरीच हाय."

हे घर आमचं नव्हतं. घ्यायचं का नाही ते ठरवायला आम्ही त्यात राहायला आलो होतो. अंबाजोगाईत मोरेवाडीच्या बाजूला, खाली चार खोल्या, वर गच्ची, पुढं पेरूचं झाड. मालक विजयसिंह, जमीनजुमल्याची माणसं, राजकारणातली. ते आता नव्या बंगल्यात गेले होते आणि हे घर सामानासकट कुलूप लावून पडलं होतं. आधी बघायला आलेली माणसं बोलणी होता होता मागं फिरली होती, आणि घर लाभत नाही असं एकानं म्हटलं की पुढच्याला कारण विचारायची गरज पडत नाही. विजयसिंहच एक दिवस वैतागून परमेश्वरला म्हणाला, घ्या किल्ली, आठ दिवस राहून बघा, पटलं तर बोलू. दीपमालेनं हे तिच्या आईला सांगितलं, आणि आईनं त्यांच्या गावची रीत काढली. घर घ्यायचं असलं की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी तिथं निजवायचं, आणि त्याला काय स्वप्न पडतं त्यावरून ठरवायचं. परमेश्वरचे वडील, आसाराम, असते तर त्यांना निजवलं असतं. ते नाहीत, म्हणून मी. दुधात काडी बुडवून बघतात तसं मला त्या घरात बुडवलं होतं, आणि रोज सकाळी वर काढून बघत होते काडीला काय लागलंय.

स्वप्न मला पडतच नाही. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण ते कुणाला पटलं नाही. स्वप्न पडायला माणसाला झोपेवर थोडा हक्क असावा लागतो. आमची झोप मुकादमाची होती. ऊस तोडायला गेलं की दिवसभर कोयता, मोळी बांधून डोक्यावर, गाडीत भरायची, आणि कोपीत पाठ टेकली की विहिरीत दगड पडावा तसं माणूस खाली जायचं. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की वर. मधे काही नाही. कोपी म्हणजे बांबूच्या कमानीवर उसाची वाढी टाकून केलेली झोपडी, वाकून शिरायची. एका दुपारी उभी राहायची आणि फड संपला की मोडायची. अशी किती घरं मी राहून बघितली आणि सोडली. कुणी मला विचारलं नाही की कसं वाटतंय. आणि आता विचारत होते, तर दिवसातून इतक्या वेळा विचारत होते की मला त्या शब्दांचाच कंटाळा आला. ओट्यापाशी उभी राहिले की, माय, ओटा कसा वाटतो, उंच होतो का? गच्चीवर गेले की, आत्याबाई, वारं कसं वाटतं? दुपारी जरा डोळा लागला की दीपमाला ड्युटीवरून फोन करायची, आत्याबाई, झोपला होतात का, काही दिसलं का? घराला तोंड नसतं, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बरं म्हटलं तर त्यांना वाटायचं मनापासून म्हटलं नाही. मी गप्प राहिले तर वाटायचं घर पटलं नाही.

आणि घर तर चांगलं होतं. ते मी नाही म्हणत नव्हते. फरशी गार, भिंती जाड, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पेरूच्या झाडाची खारूताई दिसायची. नळाला पाणी यायच्या दिवशी टाकी भरायची आणि पुढं ते पुरायचं. पहिल्यांदा बघायला आलो तेव्हा विजयसिंह एकेक खोली उघडून दाखवत होता आणि मी मागं मागं चालत होते. न्हाणी त्यानं नुसती लोटून दाखवली. आत पांढऱ्या फरशा, उंचावर एक झरोका, दार सागवानी, जड. मी आत गेले नाही. दाराकडं बघून माझ्या मनात एवढंच आलं की हे लावून घेऊन बसता येईल. परमेश्वर तेव्हा भिंतीला ओल आहे का बघत होता. त्यानं विचारलं, माय, काय म्हणतीस, आणि मी लगेच म्हणाले, चांगलं हाय. ते मी घराबद्दल म्हणालेच नव्हते.

आता कळलं की त्या दाराला कडीच नाही. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर हसतील. एवढं मोठं घर, आणि म्हातारी कुठं अडून बसली बघा. हार्डवेअरच्या दुकानात भाजीच्या भावात मिळणारी वस्तू. दोन दिवस मी बादली लावून भागवलं. बादली लावून अंघोळ करणं म्हणजे अंघोळ नव्हे, राखण आहे. अंगावर पाणी घ्यायचं आणि कान दाराला. आणि हे काही मला नवीन नव्हतं, याचाच जास्त राग येत होता. कोपीवर असताना झुंजूमुंजू व्हायच्या आत दोन गाड्यांच्या मधे गोधडी बांधायची आणि तिच्याआड अंघोळ. आसाराम पलीकडं पाठ करून उभे. कुणी येताना दिसलं की खोकायचे. ते खोकले की मी अंगावर लुगडं ओढून खाली बसायचे, माणूस जाईपर्यंत साबण अंगावर वाळायचा. वाईट नव्हते ते. गोधडीच्या वरून त्यांची टोपी दिसायची, तंबाखू मळताना हलणारे खांदे दिसायचे, आणि त्या पाठीवर माझा भरवसा होता. पण गाडी भरायची असायची, मुकादम बोंबलत असायचा, आणि दोन तांबे अंगावर घेतले नाहीत तोवर ते विचारायचे, झालं का? पाठ न वळवता विचारायचे. माझ्या जन्मातली एकेक अंघोळ त्या दोन शब्दांवर संपली. गावाकडं पत्र्याची न्हाणी केली, तिला दार म्हणून जुनं लुगडं. तिथं सासू विचारायची. इथं आल्यावर भाड्याच्या खोल्या, सगळ्या भाडेकरूंत मिळून एक न्हाणी, वाकड्या तारेची कडी, आणि बाहेर बादल्या घेऊन माणसं उभी. तिथं कुणी विचारत नाही, बादली आपटतात. झालं असं मी अजून एकदाही आपण होऊन म्हटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी न राहवून जेवताना बोलले. परमेश्वर भाकरी मोडत होता.

"न्हाणीला आतून कडी न्हाई."

"माहिती हाय," तो म्हणाला. "बरंच हाय ते."

"कावून बरं हाय?"

"विजयसिंहच्या आई पडल्या होत्या म्हणं आत. दार फोडावं लागलं. तवापासून काढली त्यांनी." त्यानं घास खाली ठेवला. "माय, मी रोज बघतो. खुब्याचं हाड मोडून आणत्यात म्हाताऱ्या बायांना. निम्म्या बाथरूममधी पडलेल्या. कडी आतून लावलेली, बाहेरून हाका मारत्यात, आत बाई पाण्यात पडलेली. मला आपल्या घरी तसं नको. घर घेतल्यावर तिथं धरायला दांडा बसवू, खाली खरबरीत फरशी बसवू. कडी नको."

"आत्याबाई, घरात आपणच तर असतो," दीपमाला ताटात वरण वाढत म्हणाली. "तुम्हाला न्हाताना कोण बघायला येतंय?"

पोटच्या पोराचं बरोबर असलं की त्याच्यावर चिडता येत नाही, आणि चीड तर येतेच. तो हाडं बघतो. त्याला माझ्याकडं बघितलं की कातडी दिसतच नसेल, थेट खुबा दिसत असेल. मला सांगायचं होतं की बघण्याचा प्रश्न नाही. अंगात आता बघण्यासारखं काय राहिलंय. प्रश्न असा होता की दाराच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला जग, आणि मधली कडी माझ्या हातात. पण हे ताटावर बसून कसं सांगायचं? तोंडात भाकरी होती. मी म्हणाले, "बरं." त्यावर परमेश्वर लगेच, "बरं म्हंजी? घर पटलं ना?" मी उठून हात धुतला. माझ्या पाठीमागं दीपमाला हळूच म्हणाली, "आमच्या आईला विचारून बघते, चिडचिड होणं हे घराचं लक्षण असतं का."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही ड्युटीवर होते. मी दारात बसून शेंगा फोडत होते. फाटकाबाहेर मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून एक जाडजूड बाई उतरली, माझ्याच वयाची, कपाळावर गोंदण, अंगावर उंची सुती पातळ. फाटकाची कडी न बघता हातानं बरोबर काढली, पायरीपर्यंत आली, आणि तिथं काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"येऊ का?"

"या की. तुमचंच घर दिसतंय."

"आता कुठं माझं. विजयची आई मी, केसरबाई. माझा पाटा ऱ्हायलाय मागं. नव्या घरात मिक्सर हाय म्हणत्यात, पण मिक्सरची चटणी मला गिळत न्हाई." ती कॉटवर बसली आणि माझ्याकडं बघितलं. "तुमी परमेश्वरची आई का? गाव कोणतं?"

"केजच्या पुढं."

"कारखान्याला जात व्हते?"

"जात व्हतो."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. तसल्या घरातली माणसं आधी हात बघतात. मी हात लपवले नाहीत, शेंगा फोडत राहिले. "चहा टाका," ती म्हणाली, "आणि डावीकडची शेगडी लावू नका, ती भडकते." मी चहा टाकला. आतून मला ती घरभर फिरताना ऐकू येत होती. कपाट उघडलं, मिटलं. खिडकीचा गज हलवून बघितला. मग पाय धुवायला म्हणून न्हाणीपाशी गेली. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा ती दारातच उभी होती, आणि तिची बोटं त्या उघड्या पट्ट्यावरून फिरत होती. जशी माझी फिरली होती, अगदी तशीच. मला एकदम कुणीतरी माझी चोरी पकडल्यासारखं झालं.

"कावून काढली हो?" मी विचारलं.

"मी पडले न्हाई," ती म्हणाली.

पडलात का, असं मी विचारलंच नव्हतं.

"समदे म्हणत्यात पडली. विजय बी हेच सांगतो. मी पडले न्हाई माय, मी बसले व्हते." तिनं कप घेतला, बशीत ओतला, पण प्याली नाही. "हे घर म्हंजी तुमाला काय सांगू. दिवस उगवला की माणसं. ह्यांची बैठक, विजयची बैठक. घरात सुना, नातवंडं, पाव्हणे. काकू पाणी, काकू चहा, काकू किल्ली कुठंय. दुपारी मी हितं यायचे, कडी लावायचे आन् पालथ्या बादलीवर बसायचे. काही करत नव्हते. नळाकडं बघत बसायचे. मंग एक दिवस हाक आली, मी ओ दिली न्हाई. परत आली, परत दिली न्हाई."

"कावून?"

"बघू म्हणलं. ओ न्हाई दिली तर काय व्हतंय." ती हसली. मिश्रीनं काळे झालेले दात दिसले. "काय व्हणार. दार फोडलं. मी आपली बादलीवर बसलेली, नेसलेली सवरलेली, आन् समोर सगळं घर उभं. ड्रायव्हर सुद्धा. विजय रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, लहान पोरावानी रडला. मंग मी काय सांगू त्याला? पडले म्हणलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः उभं ऱ्हाऊन कडी काढून घेतली."

"नव्या बंगल्यात तरी असंल की."

"नव्या बंगल्यात तर बसवलीच न्हाई. लई मोठं बाथरूम हाय. आत बेल हाय. दाबली की सून येती." तिनं बशी तोंडाला लावली, एका दमात संपवली. "न्हाई दाबली तरी येती."

मी तिच्या हातातली कपबशी घेतली. तिच्या शेतावर माझ्यासारख्या बाया कामाला येत असतील. त्यांना तिनं मजुरीवरून, उशिरा येण्यावरून बोललं असेल. रस्त्यात भेटली असती तर तिनं मला ओळखही दिली नसती. आणि मला तिच्याबद्दल कीव वाटत होती असंही नाही. चार खोल्यांच्या घरात हिला बसायला बादली, आणि माझ्या जन्मभराच्या इच्छेला हिच्या बादलीचा आकार, हे बघून मला नुसता राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

"जुनी कडी हाय माझ्यापाशी," ती जाता जाता म्हणाली. "पितळंची. फेकून देत व्हते, मी उचलली. साड्यांखाली ठिवलीय."

मला वाटलं ती म्हणेल, पाठवून देते.

"ती मी देणार न्हाई," केसरबाई म्हणाली. "तुमी नवी घ्या. आन् घर लाभत न्हाई म्हणत्यात ते खोटं. मला लाभलं व्हतं."

ड्रायव्हरनं पाटा उचलून गाडीत ठेवला. फाटकाची कडी तिनं बाहेरून हात घालून न बघता लावली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक स्वप्न तयार व्हायला लागलं. पडलं नाही, मीच केलं. हिरव्या लुगड्यातली बाई, केस मोकळे, न्हाणीच्या दारात उभी, आणि म्हणतेय, माझी कडी कुठंय? एवढंच. यापुढं काही सांगायची गरज नव्हती. सत्यभामा मोबाईलातच हात जोडेल. दीपमाला संध्याकाळच्या आत सुताराला बोलावेल. आणि परमेश्वर, माणसाच्या आतली हाडं रोज उजेडात धरून बघणारा परमेश्वर, ज्याच्या मोटारसायकलला अजून लिंबू-मिरची लटकते, तो एक शब्द बोलणार नाही. खुब्याचं हाड विसरेल. बाई कोण, कुठली, का आली, यावर चार दिवस फोन होतील, आणि कडी बसेल. भाजी निवडताना, गच्चीवर पापड वाळत घालताना मी ते स्वप्न पक्कं करत होते. लुगड्याचा हिरवा रंग कसला, गर्द की पोपटी. बाईचा आवाज कसा. इतकं पक्कं झालं की एकदा ओट्यापाशी उभी असताना मला खरंच वाटलं की मागं कुणी उभं आहे. मागं कुणी नव्हतं. आणि मग मला माझीच इतकी चीड आली की हातातली पळी आपटली. मला तोंड आहे. दात पडले असतील, पण तोंड आहे. या तोंडानं मी मुकादमाशी भांडलेय, पोराला शाळेत घाला म्हणून त्याच्या बापाशी भांडलेय. आणि आता दाराला एक कडी मागायला मला हिरव्या लुगड्यातली बाई उभी करावी लागणार? त्या बाईचं ऐकतील आणि माझं नाही, मग या घरात राहणार कोण, ती का मी?

निकालाच्या दिवशी सकाळी विजयसिंह आला. गोरा, पोट सुटलेला, हातात अंगठ्या, बोलायला गोड. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. दीपमालेनं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, त्यात सत्यभामा. परमेश्वर भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडं बघत नव्हता, म्हणजे त्याला हे घर फार हवं होतं. ते मला इतके दिवस दिसलंच नव्हतं. भाड्याच्या खोलीत त्याची तिशी उलटली. तो मला घर कसं वाटतंय विचारत होता तेव्हा खरं तर, माय, तू नाही तर म्हणणार नाहीस ना, असं त्याला विचारायचं असायचं.

"मंग काकू," विजयसिंह म्हणाला, "काय म्हणतंय आमचं घर?"

"थांबा, आधी स्वप्नाचं," मोबाईलातून सत्यभामा म्हणाली. "विहीणबाई, आज शेवटची रात झाली. आज तरी काही?"

स्वप्न माझ्या जिभेवर होतं. हिरवं लुगडं, मोकळे केस. तोंड उघडलं असतं की बाहेर आलं असतं.

"स्वप्न पडलं न्हाई," मी म्हणाले. "मला पडत न्हाई. आन् पडलं असतं तरी सांगितलं नसतं. घर चांगलं हाय. न्हाणीला आतून कडी पायजे. कडी बसली तर मी हितं ऱ्हाईन. न्हाई बसली तर तुमी घर घ्या खुशाल, मला गावाकडं सोडा."

मोबाईलात सत्यभामेचं तोंड उघडं राहिलं होतं.

"माय, आपलं बोलणं झालंय त्याच्यावर," परमेश्वर म्हणाला.

"तुझं झालंय. माझं व्हायचंय."

"आन् पडलीस तर?"

"पडले तर हाक मारीन. हाक न्हाई निघाली तर दार फोडा. तुमी एवढे जण हाव की."

"आत्याबाई, एक मिळते हल्ली," दीपमाला घाईनं म्हणाली. "आतून लावायची, पण बाहेरून नाणं घालून फिरवलं की उघडते. आमच्या वॉर्डात तसल्याच आहेत."

"तसली नको."

"अहो पण सोयीची असते."

"बाहेरून उघडती ती कडी कसली? ती दवाखान्यात ठीक हाय. मला साधी पायजे. सरकवायची."

दीपमाला माझ्याकडं बघत राहिली. तिला वॉर्डात नको म्हणणारी माणसं रोज भेटत असतील, त्यातली मी एक. मग काय झालं कुणास ठाऊक, ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "जरा खाली बसवू. बसल्या जागी हात पुरेल अशी."

विजयसिंह हसला, मोठ्या माणसांनी छोट्या अडचणीला हसावं तसं. "एवढंच ना काकू? आज दुपारी सुताराला पाठवतो. कडी माझ्याकडून."

"मंग दोन आणाय सांगा."

"दोन? न्हाणी तर एकच हाय."

"एक तुमच्या बंगल्यात लागंल."

त्यानं कप ओठांपाशी नेलेला तसाच धरला. चहावरची साय हलत होती. "आई आलती का हितं?"

"पाटा न्यायला आलत्या."

"काय म्हणली?"

"पडले न्हाई म्हणल्या."

विजयसिंहनं कप खाली ठेवला. तो एकदा न्हाणीच्या दाराकडं बघून आला, म्हणजे उठला नाही, नुसते डोळे तिथवर गेले आणि परत आले. मला वाटलं तो आता बोलेल, चिडेल, सांगेल की ड्रायव्हरसमोर, सगळ्यांसमोर काय काय झालं होतं. तो अंगठी फिरवत बसला. त्यांचं ते बघतील. मी टॉवेल उचलला आणि त्या सगळ्यांना तसंच बसवून अंघोळीला गेले. निघताना मागं सत्यभामा कुणाला तरी विचारत होती, काय म्हणाल्या, कुणाची आई पडली?

बादली भरली, दाराला लावली. पाटावर बसले. बाहेर बोलणं हळू आवाजात चाललं होतं, मग थांबलं, खुर्ची सरकली, फाटक वाजलं. पावलं न्हाणीकडं आली. दाराखालच्या फटीतून परमेश्वरच्या पायांची सावली दिसली. तांब्या माझ्या हातात होता. अंग आखडून मी ते दोन शब्द यायची वाट बघायला लागले, जन्मभर बघितली तशी.

"माय," तो म्हणाला, आणि थांबला. "कडीचं माप घ्यायचं हाय. जुन्या भोकांच्या मापाचीच बघतो, बसवू जरा खाली." सावली हलली, परत थांबली. "सावकाश व्हऊ दे. तुझं झाल्यावर घेतो."

पावलं दूर गेली. मी तांब्या बादलीत बुडवला आणि अंगावर घ्यायची घाई केली नाही.